पिस्तुलाची निगा : दारू, मीठ आणि पाणी

शस्त्रांचा इतिहास लिहिणारे बहुतेक ग्रंथकार शस्त्र कोणी शोधून काढले, कोणत्या लढाईत ते प्रथम वाजले आणि त्यामुळे कोणाचे राज्य गेले, एवढे सांगून थांबतात. लढाई संपल्यावर संध्याकाळी तेच शस्त्र मांडीवर घेऊन, चिंधी व तेलाची बाटली जवळ ठेवून बसलेला शिपाई त्यांच्या ग्रंथांत क्वचितच आढळतो. वास्तविक शिपायाच्या आयुष्यातील घटकांचा हिशेब केला तर गोळी झाडण्यात गेलेल्या घटका मोजक्याच निघतील, आणि शस्त्र पुसण्यात गेलेल्या त्यांच्या कितीतरी पट भरतील. ह्या पुसण्यास काही शास्त्र होते काय, ते किती वेळा करावे हे कशावरून ठरले, आणि ठरविणाऱ्यांनी दिलेली कारणे खरी होती काय, हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाही. ज्यांचे पिस्तूल ऐन वेळी मुके राहिले त्यांस तरी तो क्षुल्लक वाटला नसेल.

पिस्तुलाचे शत्रू दोन. एक मळ आणि दुसरा गंज. ज्या घरात शिवणाचे यंत्र आणि विळी ह्या दोन्ही वस्तू आहेत त्या घरातील गृहिणीस ह्या दोहोंतील भेद समजावून सांगण्याचे कारण नाही. शिवणाच्या यंत्रात सुताचा भुगा साचतो तो जितके शिवावे तितका. यंत्र महिनाभर झाकून ठेवले तर तो वाढत नाही. विळीचे तसे नाही. ती वापरा अथवा न वापरा, आंब्याची फोड चिरून तशीच ओली ठेवली तर सकाळी तांबडी झालेली आढळते. मळाची गणना कामावर होते, गंजाची दिवसांवर आणि हवेवर. पिस्तूल किती वेळा साफ करावे ह्या प्रश्नाला म्हणून दोन उत्तरे आहेत : मळासाठी अमुक गोळ्यांनंतर, आणि गंजासाठी अमुक तासांच्या आत. हे दोन हिशेब वेगळे आहेत, एवढी गोष्ट ध्यानात येण्यास युरोप-अमेरिकेतील विद्वानांस विसाव्या शतकाची पहिली दोन दशके उलटावी लागली. मध्यंतरी त्या घोटाळ्याने किती नळ्या खाल्ल्या ह्याची मोजदाद कोणी केलेली नाही.

आपल्याकडील जुनी वहिवाट खंडेनवमीची. आश्विन शुद्ध नवमीस शस्त्रे बाहेर काढावी, घासून पुसून लख्ख करावी, गंधफूल वाहावे आणि दसऱ्यास मिरवावी. पावसाळा नुकताच सरलेला असतो, तेव्हा चार महिन्यांचा गंज काढावयास हा मुहूर्त मोठा समंजसपणाचा आहे. तलवार, पट्टा, भाला ह्या शस्त्रांना तो पुरेसाही होता. कारण तलवारीच्या पोटात काही जळत नाही. बंदूक व पिस्तूल ही शस्त्रे आली आणि निगेचा प्रश्नच पालटला. ह्या शस्त्राचा नाश बाहेरून येत नाही. प्रत्येक बार काढताना मालक स्वतःच तो आत भरीत असतो.

जुनी काळी दारू म्हणजे सुमारे 75 भाग सोरा, 15 भाग कोळसा आणि 10 भाग गंधक ह्यांचे मिश्रण. ती पेटली की तिचा सगळा वायू होतो अशी सामान्य समजूत आहे. सर अँड्र्यू नोबल आणि सर फ्रेडरिक एबल ह्या दोघा इंग्रज शास्त्रज्ञांनी भक्कम पोलादी पात्रांत दारू कोंडून ती पेटविली आणि काय उरते ते तोलून पाहिले. त्यांचा निबंध 1875 साली प्रसिद्ध झाला. वजनाने पाहता दारूच्या शंभर भागांपैकी अवघे 43 भाग वायुरूप होतात आणि 57 भाग घनरूपच राहतात, असे त्यांस आढळले. म्हणजे ज्या दारूने गोळी फेकली जाते तिचा अर्ध्याहून अधिक भाग राख होऊन मागे उरतो. त्यातील काही धूर होऊन बाहेर पडतो आणि बाकीचा नळीच्या अंगाला बसतो. ह्या राखेत मुख्यतः पोटॅशियमचे क्षार असतात. ते हवेतील ओल ओढून घेतात, आणि त्यांत गंधकाचा अंश असल्यामुळे धुताना सडक्या अंड्यासारखी दुर्गंधी सुटते. परंतु त्यांचा एक मोठा गुण असा की ते पाण्यात विरघळतात. काळ्या दारूच्या काळातील शिपाई आपली बंदूक निःशंकपणे पाण्याने धूत असे, आणि ऊन पाणी मिळाले तर अधिकच आनंदाने. कारण ऊन पाण्याने नळी तापते आणि तापलेली नळी आपोआप कोरडी होते. लोखंडाचा वैरी पाणी, हे त्यालाही ठाऊक होतेच. तरी तो धुवी. त्याचे रसायनशास्त्र त्याच्या नाकात आणि बोटांत होते असे म्हणावयास हरकत नाही.

चकमकीच्या पिस्तुलात मळाची अडचण फारशी जाणवत नसे. त्या पिस्तुलातून एक बार निघे. दुसरा भरीपर्यंत स्वाराची तलवार म्यानाबाहेर आलेली असे. खोगिराच्या दोन बाजूंस दोन पिस्तुले अडकविण्याची रीत ह्यामुळेच पडली. असे पिस्तूल रात्री धुऊन तेल लावून ठेवले की काम भागे. सॅम्युएल कोल्ट ह्याने 1836 च्या फेब्रुवारीत आपल्या फिरत्या पिस्तुलाचा अमेरिकन हक्क मिळविला, आणि येथपासून मळ हा लढाई चालू असतानाचा प्रश्न झाला. रिव्हॉल्वरचे चक्र एका मधल्या आसावर फिरते, आणि चक्र व नळी ह्यांच्यामध्ये सूतभर फट ठेवावीच लागते. प्रत्येक बाराबरोबर ह्या फटीतून जळती राख मागे उसळते आणि नेमकी त्या आसावर जाऊन बसते. चक्रातील सहाही कोठ्या तीन-चार वेळा भरून रिकाम्या झाल्या की चक्र जड चालू लागते, आणि पुढे अंगठ्याने कितीही जोर केला तरी घोडा मागे येत नाही. कोल्टने ह्यावर दोन उपाय योजिले. आसावर खाचा पाडल्या, म्हणजे त्यांत वंगणही राहील आणि मळासही जागा मिळेल. आणि गिऱ्हाइकाच्या हाती पिस्तुलाबरोबर छापील सूचनांचा कागद दिला. पाचर ठोकून नळी सुटी करावी, नळी व चक्र ऊन पाण्याने धुवावी, कोरडी करून तेल द्यावे, आणि आसाला तेल देताना हात आखडू नये, असा त्या सूचनांचा मथितार्थ. लंडन येथे 1853 मध्ये त्याने कारखाना काढला आणि क्रिमियाच्या युद्धात ही पिस्तुले इंग्रज अधिकाऱ्यांच्या कमरेला लागली. त्यांतील कित्येकांनी ती सूचना वाचलीही नसेल. ते काम नोकराचे.

वंगणाचा दुसरा उपयोग गोळीवर. कोठीत दारू व गोळी ठासल्यावर वरून चरबीचा लपका देण्याची पद्धत होती. शेजारच्या कोठीतील ठिणगी आत शिरून सगळ्या कोठ्या एकदम पेटू नयेत, हा एक हेतू. आणि बार उडताना ती चरबी नळीतून जाऊन राख मऊ ठेवी, हा दुसरा. ह्या दुसऱ्या हेतूवर थोडे थांबले पाहिजे, कारण तो आपल्या देशाच्या इतिहासात फार वेगळ्या रीतीने नोंदला गेला आहे.

1853 सालच्या नमुन्याची एन्फील्ड रायफल कंपनी सरकारच्या हिंदी पलटणींत 1857 च्या आरंभी येऊ लागली. ती ठासणीचीच होती, परंतु नळीला आतून पेच होते. पेचांत राख अडकली की पुढची गोळी तोंडातून खाली उतरेना. तेव्हा काडतुसाच्या गोळीकडील टोकास वंगणात बुडविलेला कागद ठेवीत. गोळी ठासताना आणि सुटताना तो कागद नळी पुसून काढी. म्हणजे ही रायफल किती वेळा साफ करावयाची ह्याचे उत्तर प्रत्येक बारास एकदा असे होते, आणि ते काम काडतूसच करी. यंत्रशास्त्राच्या दृष्टीने युक्ती अत्यंत सुबक. फक्त वंगण कोणत्या प्राण्याचे, आणि ते काडतूस दातांनी तोडावयाचे आहे, ह्या दोन गोष्टींचा विचार युक्ती काढणाऱ्याच्या खात्यात येत नव्हता. जानेवारीत डमडम येथे कुजबूज सुरू झाली. 27 जानेवारीस सरकारने वंगणाविना काडतुसे द्यावी आणि शिपायांनी आपल्या पसंतीचे वंगण लावावे, अशी मोकळीक दिली. मेण व तूपतेल ह्यांचीही चर्चा झाली. परंतु तोवर संशय वंगणावरून उठून कागदावर जाऊन बसला होता, कारण तो कागद चकाकत असे. 29 मार्चला बराकपूर येथे मंगल पांडे पुढे झाला. 24 एप्रिलला मेरठच्या तिसऱ्या हलक्या रिसाल्यातील नव्वदांपैकी 85 स्वारांनी काडतूस हाती घेण्याचे नाकारले, आणि 10 मे रोजी जे झाले ते सर्वांस विदित आहे. मेरठास दिलेली काडतुसे जुन्याच पद्धतीची होती ही गोष्ट इतिहासकार नेहमी सांगतात. ती सांगताना शिपायांच्या अज्ञानाकडे बोट दाखविण्याचा जो मोह कित्येकांस होतो तो मला अप्रयोजक वाटतो. वंगण कशासाठी आहे, कशाचे आहे आणि कशाचे नाही, हे वेळेवर आणि विश्वास बसेल अशा तोंडून कोणीच सांगितले नव्हते. एवढ्या कारणाने बंड झाले असे म्हणणे पोरकटपणाचे होईल, त्याची मुळे खोल होती. तरी नळी साफ ठेवण्याच्या एका साध्या गरजेतून ही ठिणगी पडली, हे खरे.

तूर्त पुन्हा नळीकडे वळू. पॉल व्हिएल ह्या फ्रेंच रसायनज्ञाने 1884 मध्ये बिनधुराची दारू सिद्ध केली आणि 1889 मध्ये एबल व ड्यूअर ह्यांनी इंग्लंडात कॉर्डाइट तयार केले. ह्या दारवा जळल्यावर जवळजवळ सर्वस्वी वायुरूप होतात. राख अशी फारशी उरतच नाही. बार काढल्यावर नळीतून पाहिले तर आरशासारखी स्वच्छ. साहजिकच सर्वांस वाटले की आता धुण्याचा जाच संपला. तेलाची एक चिंधी फिरविली की पुरे. आणि येथेच चमत्कार घडला. काळ्या दारूच्या, दुर्गंधीने भरलेल्या, चिकट नळ्या वर्षानुवर्षे टिकल्या होत्या. ह्या स्वच्छ दिसणाऱ्या नळ्या चार दिवसांत आतून तांबड्या पडू लागल्या. शिपाई सांगे, मी पुसली होती. ती त्याने खरोखर पुसलेली असे. सायंकाळी तेल देऊन ठेवलेली नळी सकाळी पाहावी तो तेलाखाली गंज.

ह्या चमत्काराची जी उपपत्ती बसविण्यात आली ती तत्कालीन विद्वत्तेचा एक मासलाच आहे. नव्या दारूच्या प्रचंड दाबाने आम्लयुक्त वायू पोलादाच्या छिद्रांत शिरतात आणि मागाहून हळूहळू घामाप्रमाणे बाहेर येतात, असे सांगण्यात येई. म्हणून नळी एकदा पुसून भागत नाही. तिला पुढचे तीन-चार दिवस घाम येत राहतो आणि तो रोज पुसावा लागतो. ह्या आम्लावर उतारा म्हणून नाना प्रकारची क्षारयुक्त द्रावणे बाजारात आली. अमेरिकेत हॉप्पे ह्याचे नऊ क्रमांकाचे द्रावण 1903 पासून विकले जाऊ लागले. जर्मनीत 1904 मध्ये बॅलिस्टॉल नावाचे तेल निघाले, ते पाण्यात मिसळते. विलायतेत रंगून तेलाचा लौकिक मोठा होता. ते ब्रह्मदेशातील खनिज तेलापासून काढीत आणि त्याचा थर जाड बसे. ज्या द्रावणात पाणी असे किंवा मिसळले जाई त्याचा गुण येई, आणि श्रेय मात्र द्रावणातील गूढ द्रव्यास मिळे. आपल्याकडील काढ्यांचे पुष्कळदा असेच होते. ब्रिटिश फौजेतील जमादार ह्या वादात पडलेच नाहीत. बार झाल्यावर नळीत उकळते पाणी ओता, दोरीने फडके ओढून कोरडी करा, मग तेल द्या, ही त्यांची शिस्त होती. आणि ली-एन्फील्ड रायफलीच्या दस्त्यात एका खणात तेलाची पितळी कुपी व दोरी कायमची ठेवलेली असे. का, असे विचारणाऱ्या रंगरुटास मिळणारे उत्तर छापण्याजोगे नसावे. परंतु त्यांचा उपाय बरोबर होता आणि रसायनज्ञांची उपपत्ती चूक होती.

खरे कारण दारूत नव्हतेच. ते टोपीत होते. काडतुसाच्या बुडाशी जी इवलीशी टोपी असते, जिच्यावर घोड्याचा आघात होतो, तिच्यातील मसाल्यात पोटॅशियम क्लोरेट हे द्रव्य घालीत. ते पेटले म्हणजे त्याचा प्राणवायू निघून जातो आणि मागे पोटॅशियम क्लोराइड उरते. हे आपल्या जेवणातील मिठाचे सख्खे भावंड. प्रत्येक बाराबरोबर नळीच्या अंगावर मिठाचा सूक्ष्म फवारा बसत होता. काळ्या दारूच्या दिवसांतही तो बसतच असे. परंतु तेव्हा तो राखेच्या ढिगात मिसळून जाई, आणि ती राख इतकी घाणेरडी दिसे की शिपाई नळी धुतल्यावाचून राहत नसे. राखेबरोबर मीठही निघून जाई. नव्या दारूने राख नाहीशी केली. मीठ जसेच्या तसे, उघडे आणि अदृश्य, पोलादावर राहिले. नळी स्वच्छ दिसू लागली हेच तिच्या नाशाचे कारण झाले. आणि मीठ तेलात विरघळत नाही, ही गोष्ट कोणाही स्वयंपाकिणीने सांगितली असती. तेलाची चिंधी फिरविणे म्हणजे मिठावर पांघरूण घालणे होय.

हे प्रयोगाने सिद्ध करण्याचे काम विल्बर्ट हफ ह्या अमेरिकन रसायनज्ञाने केले. त्याचा निबंध 1922 साली अमेरिकेच्या सरकारी खाण-खात्याने प्रसिद्ध केला. खाण-खात्याचा बंदुकीशी काय संबंध, असे वाटेल. परंतु स्फोटक द्रव्यांचा अभ्यास त्याच खात्याकडे होता. तेलाच्या थराखाली पोलाद गंजते ते कशाने, हाच त्या निबंधाचा विषय. हवा कोरडी असली तर मिठाने माखलेली नळीही गंजत नाही. हवा ओली झाली की वर तेल असूनही गंजते. आणि पाण्याने मीठ धुऊन काढले की गंजाचे कारण उरत नाही. छिद्रांतून येणारा घाम म्हणजे दुसरेतिसरे काही नसून हवेतील ओल पिऊन पाझरलेले मीठ होते.

आपल्या वाचकांस ह्याची प्रचीती घ्यावयास प्रयोगशाळेत जावयास नको. आषाढात मिठाच्या बरणीत काय होते ते पाहावे. साधे मीठ हवेतील आर्द्रता शेकडा 75 च्या सुमारास गेली की पाझरू लागते, पोटॅशियम क्लोराइड शेकडा 85 च्या सुमारास. आता असे समजू की एकाच कारखान्यातील दोन पिस्तुले, एकाच पेटीतील काडतुसे आणि सारखाच आळशी मालक आहे. वैशाखात सोलापुरास बार काढून पिस्तूल तसेच ठेवले तर आठ दिवसांनीही त्याच्या नळीस फारशी इजा होणार नाही. आषाढात रत्नागिरीस तोच आळस एका रात्रीत भोवेल. दोघेही मालक अनुभवाच्या आधारे एकमेकांस खोटे ठरवितील, आणि दोघांचेही अनुभव खरे असतील. बंदुकीच्या निगेविषयी जुन्या पुस्तकांत जी परस्परविरुद्ध मते आढळतात त्यांपैकी पुष्कळांचा उलगडा ती कोणत्या हवेत लिहिली गेली हे पाहिल्यावर होतो.

रोग कळल्यावर औषध निघावयास वेळ लागला नाही. अमेरिकेत रेमिंग्टन कंपनीने 1926-27 च्या सुमारास ‘क्लीनबोअर’ ह्या नावाने, आणि जर्मनीत 1928 साली ‘सिनॉक्सिड’ ह्या नावाने, क्लोरेट नसलेल्या टोप्या बाजारात आल्या. मीठच नाही तर पाझरणार काय? खाजगी गिऱ्हाइकांनी त्या झपाट्याने उचलल्या. लष्करी खाती मात्र आपल्या साठवणीत वर्षानुवर्षे टिकणारी जुनी टोपी सोडावयास तयार नव्हती. अमेरिकन फौजेच्या .45 व्यासाच्या पिस्तुलाची काडतुसे दुसरे महायुद्ध संपून 1950 नंतरची काही वर्षे जाईपर्यंत क्लोरेटाचीच होती. अपवाद एम-1 कार्बाइन ह्या आखूड बंदुकीचा. तिच्यातील वायूचा दट्ट्या शिपायास सहजी काढून धुता येत नसे, म्हणून तिच्यासाठी प्रथमपासून निर्मीठ टोपीची काडतुसे करण्यात आली. म्हणजे कारण खात्यास पक्के ठाऊक होते.

आतापर्यंत गंजाची कथा झाली. मळाचा हिशेब कसा करतात ह्याचा नमुना ह्याच .45 व्यासाच्या पिस्तुलाच्या परीक्षेत सापडतो. 1911 च्या मार्चमध्ये अमेरिकन लष्करापुढे कोल्ट आणि सॅव्हेज ह्या दोन कंपन्यांची स्वयंचलित पिस्तुले होती. प्रत्येकातून 6000 गोळ्या झाडावयाच्या. दर शंभर गोळ्यांनंतर पाच मिनिटे निववावयाचे. दर हजारानंतर पुसून तेल द्यावयाचे. जॉन ब्राउनिंग ह्याने आखलेले कोल्टचे पिस्तूल ह्या संपूर्ण परीक्षेत एकदाही अडले नाही. सॅव्हेजचे 37 वेळा अडले. 29 मार्च 1911 रोजी कोल्टचे पिस्तूल लष्कराने स्वीकारले. ह्या परीक्षेवरून ‘हजार गोळ्यांत एकदा साफ केले की पुरे’ असा निष्कर्ष काढणारे लोक मला भेटले आहेत. परीक्षकांचा तसा अभिप्राय नव्हता. हजारांच्या ह्या फेऱ्या एकामागून एक लगोलग होत होत्या. गंजास आत शिरावयास फुरसतच नव्हती. परीक्षा यंत्र मळाला किती दाद देते ह्याची होती. त्याच पिस्तुलातून त्याच काडतुसाच्या पाच गोळ्या झाडून ते पनामाच्या दमट हवेत आठवडाभर न धुता ठेवले असते तर निकाल अगदी निराळा लागला असता, आणि तोही तितकाच खरा ठरला असता.

तेलाविषयी दोन शब्द. जास्त तेल म्हणजे जास्त निगा ही समजूत सर्व देशांत आढळते, आणि ती सर्व देशांत सारखीच घातक आहे. तेल धूळ धरून ठेवते, आणि धूळ व तेल मिळून कानशीचे काम करतात. जादा तेल काडतुसाच्या टोपीत झिरपले तर टोपी फुकट जाते. थंडीत आणखी निराळी तऱ्हा. 1941-42 च्या हिवाळ्यात मॉस्कोसमोर जर्मन सैन्याची शस्त्रे अडू लागली त्याचे एक कारण त्यांतील वंगण थिजले हे होते. नेहमीच्या हवेत जे तेल यंत्रास जीव देते त्यानेच तेथे ते जखडले. वाळवंटात लढलेल्या फौजांस उलट दिशेने हाच धडा मिळाला आणि त्यांनी शस्त्रे जवळजवळ कोरडी ठेवावयास आरंभ केला. शिवाय पुसण्याचीही झीज असते, ह्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. नळीतून फडके ओढताना दोरी तोंडाच्या एकाच कडेवर घासली गेली तर कालांतराने तेथे खाच पडते, आणि नळीच्या तोंडाशी पडलेली खाच गोळीची दिशा चुकविते. पोलादी गज पुढून घालून केलेल्या निष्काळजी सफाईनेही तेच होते. रिव्हॉल्वर बंद चौकटीचे असले तर गज पुढूनच घालावा लागतो, म्हणून त्यात हे भय अधिक. गोळ्यांनी झिजलेल्या नळ्यांपेक्षा गजाने झिजलेल्या अधिक, अशी जुन्या कारागिरांची एक तक्रार आहे. ती अतिशयोक्तीची असली तरी निराधार नाही.

ह्याच्या उलट टोकाचे उदाहरण पिस्तुलाचे नाही, रायफलीचे आहे. परंतु ते वगळता येत नाही. व्हिएतनाममध्ये 1965 नंतर अमेरिकन सैनिकांच्या हाती एम-16 ही नवी रायफल पडली. ही साफ करावी लागत नाही अशी वदंता तिच्याबरोबरच पसरली, आणि कित्येक तुकड्यांस पुसण्याचे साहित्यही देण्यात आले नाही. दरम्यान तिच्या काडतुसातील दारू बदलली होती. ज्या दारूवर रायफलीची मूळ परीक्षा झाली तिच्यापेक्षा ही अधिक मळ करी आणि यंत्रही अधिक वेगाने चालवी. रायफली अडू लागल्या. उघडी केलेली रायफल शेजारी आणि सैनिक मेलेला, अशी प्रेते सापडली. 1967 साली प्रतिनिधी रिचर्ड इकॉर्ड ह्यांच्या अध्यक्षतेखालील उपसमितीने चौकशी करून लष्करी खात्यावर कडक ताशेरे झाडले. मग कोठ्यांना क्रोमचा मुलामा आला, गज व फडकी आली, आणि त्या दशकाच्या अखेरीस व्यंगचित्रांनी सजविलेले निगेचे पुस्तक सैनिकांस वाटण्यात आले. ज्या वस्तूस निगा लागत नाही असे विक्रेता सांगतो तिच्याविषयी सावध राहावे, हे आमच्या पिढीने घरातील पंख्यांपासून मोटारींपर्यंत पुष्कळदा अनुभविले आहे. येथे त्याची किंमत फार मोठी पडली.

आजच्या पिस्तुलांचे कारखानदार काय सांगतात? ऑस्ट्रियाच्या सैन्याने 1980 नंतरच्या दशकात स्वीकारलेले ग्लॉक पिस्तूल हे अल्प निगेवर चालणारे म्हणून जगभर ख्यात आहे. त्याच्या पुस्तिकेतही नवे पिस्तूल वापरण्यापूर्वी, नंतर महिन्यातून निदान एकदा, आणि प्रत्येक वेळी झाडल्यावर ते साफ करून तेल द्यावे असेच लिहिलेले आहे. तेल मात्र मोजक्या ठिकाणी आणि थेंबाथेंबाने. महिना हा गंजाचा हिशेब आणि झाडल्यावर हा मळाचा. दोन्ही आता निरनिराळे लिहिलेले दिसतात. टोपीत मीठ नसताना झाडल्यावर त्याच दिवशी पुसण्याची सक्ती कशाला, असा आक्षेप काही जाणते नेमबाज घेतात, आणि शास्त्रदृष्ट्या तो चुकीचा नाही. परंतु पुस्तिका लिहिणाऱ्यास आपले पिस्तूल कोणत्या हवेत जाईल आणि त्यात कोणाच्या पेटीतील काडतूस पडेल हे माहीत नसते. पूर्व युरोपातील सरकारी कारखान्यांत क्लोरेटाच्या टोप्यांची काडतुसे 1990 च्या आसपासपर्यंत तयार होत होती. लाकडी खोक्यांत डबाबंद केलेला तो माल पुढे स्वस्तात जगभर विकला गेला, आणि त्यातील पुष्कळ अद्याप शिल्लक आहे. डब्यावर वर्ष असते, कारखान्याची खूण असते. मीठ आहे की नाही हे लिहिलेले नसते. असा माल वापरणारे शहाणे नेमबाज चांदमारीस जाताना तेलाच्या कुपीबरोबर ऊन पाण्याची बाटलीही नेतात, आणि घरी परत येण्यापूर्वीच नळी धुऊन घेतात.